काम बाहेर देण्याआधी
लेखांतून कमाई करणारी पहिली वेबसाइट स्वतःच्या हाताने उभी कर, मगच लेखनाचं काम बाहेरच्यांना दे. विषय आणि कीवर्ड (लोक गूगलवर शोधतात ते शब्द) निवडणं तर कुणावरच सोपवू नकोस. पैसा तिथेच ठरतो. लेखकाला नुसतं ‘कॉफी ग्राइंडरवर लिहा’ म्हणालास तर पाणी घातलेला मजकूरच येणार. वाचक कोण, त्याचा प्रश्न काय, कोणत्या मॉडेल्सची तुलना हवी, हे लिहून दे. आधी एकच लेख, तोही पैसे देऊन. घाऊक १०० लेखांचा मोह नको: फक्त रँकिंगसाठी, म्हणजे गूगलच्या शोधात वर दिसण्यासाठी, ढिगाने पाडलेल्या मजकुराबाबत गूगलने मार्च २०२४ मध्ये स्पॅमचे नियम कडक केलेत. आणि हो, डोमेन (साइटचा पत्ता) स्वतःच्याच खात्यात घे. माझं डेव्हलपरच्या खात्यात होतं. तो गायब झाला, साइटही गेली.