दाराजवळचा बाक

प्रिय मुली,

जय ख्रिस्त.

तुझा मेसेज मंगळवारी रात्री वाचला. उत्तर फोनवर दोन ओळींत देण्यासारखं नव्हतं, म्हणून आज कागद घेऊन बसले आहे. तू लिहिलंस, "मावशी, दुसऱ्या गीताला मी उठून गेले ते कुणावर रागावून नाही. मला कुणाचा चेहराच सहन होत नव्हता. बाहेर स्कूटरवर बसून रडले. पंधरा दिवसांपूर्वी त्याच गीताने मला भरून आलं होतं. मग खरी मी कुठली?" आणि खाली, जरा जागा सोडून, "काल पाळी आली. आता बरी आहे. त्याचीच जास्त लाज वाटते. यापुढे चर्चला न आलेलंच बरं."

त्या शेवटच्या ओळींत तुला लाज दिसली, मला त्यात उत्तर दिसलं. पाळी आली आणि मन ताळ्यावर आलं. विश्वास खोटा असता तर तो असा तारखेला जाऊन तारखेला परत आला नसता.

मी तुला हे ऐकीव सांगत नाही. गोव्यात फोंड्याला राहायला आलो तेव्हा मी चौतीस वर्षांची होते, दोन मुलं लहान. आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर असायचं, त्यावर तुझे काका दुधाचा हिशेब आणि सिलिंडरची तारीख लिहायचे. मी त्याच कॅलेंडरवर पेन्सिलने ठिपके द्यायला लागले. ज्या दिवशी मुलांवर विनाकारण ओरडले, ज्या दिवशी भांडी घासताना रडले, ज्या दिवशी प्रार्थनेला बसले आणि शब्दच फुटला नाही, त्या दिवशी एक ठिपका. कुणाला कळू नये म्हणून अगदी बारीक, चौकटीच्या कोपऱ्यात. तीन महिन्यांनी पानं उलटून पाहिली तर गुळाला मुंग्या लागाव्यात तसे सगळे ठिपके एका जागी गोळा झालेले. पाळीच्या आधीचे आठ-दहा दिवस. पाळी सुरू झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून चौकटी कोऱ्या. मी त्या कॅलेंडरसमोर पदराने डोळे पुसत उभी राहिले, कारण तोवर मला वाटत होतं की देवाने माझ्यावरचा हात काढून घेतलाय.

तर पहिलं काम हे कर. कॅलेंडर घे, मोबाइलमधलं चालेल, आणि निदान दोन महिने रोजच्या रोज लिही. आठवून नंतर लिहू नकोस, नंतर आठवलेलं फसवतं. डॉक्टरही हेच मागतात, कारण निदान रक्ताच्या तपासणीवर होत नाही, या नोंदीवर होतं. थायरॉइड, रक्ताची कमी किंवा बारा महिने राहणारं नैराश्य असं दुसरं काही नाही ना, तेवढं ते तपासून घेतात.

पाळीआधीच्या या त्रासाला पीएमएस म्हणतात हे तुला माहीत असेल. त्रास इतका वाढला की नोकरी, घर, माणसं यांचा मेळच बसेना, तर त्याला पीएमडीडी असं वेगळं नाव आहे. मानसोपचाराचे डॉक्टर निदानासाठी जी अमेरिकन नियमावली वापरतात, तिच्यात 2013 साली तो स्वतंत्र आजार म्हणून नोंदला गेला. पाळी येणाऱ्या शंभर बायकांत साधारण तीन ते आठ जणींना तो असतो. बायका पटकन म्हणतात, हार्मोन बिघडलेत. बहुधा हार्मोन बिघडलेले नसतात. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढतं, पाळीच्या तोंडावर ते आणि इस्ट्रोजेन दोन्ही खाली येतात, आणि हे प्रत्येकीच्याच शरीरात होतं. काहींचा मेंदू त्या चढउताराला जास्त हळवा असतो, एवढाच फरक. तू कमकुवत आहेस, हट्टी आहेस, लाडावलेली आहेस, असं यातून काहीच निघत नाही.

आता चर्चचं. याच्यावर मला जास्त बोलायचं आहे.

आपल्यातल्या जुन्या बायका अजून कुजबुजतात की "त्या दिवसांत" प्रभुभोजन घेऊ नये, वेदीपाशी जाऊ नये. आजूबाजूच्या घरांत चार दिवस बाजूला बसायची रीत होती, ती आपल्याही घरांत राहून गेली. तुझा त्रास पाळीच्या आधीचा आहे, पण त्या कुजबुजीची सावली आधीच्या दिवसांवरही पडते. बाईचं शरीर म्हणजे देवाच्या घरात काहीतरी अडचणीचं, अशी ती सावली. तिच्यासाठी बायबलात मार्कचा पाचवा अध्याय उघड. बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई. लेवीय पुस्तकातल्या नियमाने ती अशुद्ध, तिचा स्पर्श झालेला माणूसही अशुद्ध. तरी ती गर्दीत शिरली. येशू तेव्हा सभास्थानाच्या अधिकाऱ्याबरोबर घाईने निघाला होता, त्या अधिकाऱ्याची बारा वर्षांची लेक मरायला टेकली होती. तो मोठा माणूस खोळंबून उभा राहिला आणि येशू थांबला या बाईसाठी. ती थरथरत पुढे आली, सगळं खरं सांगितलं. त्याने तिला "मुली" म्हटलं.

मात्र मला जास्त जवळची वाटते ती हन्ना. मूल होत नव्हतं म्हणून शिलोच्या मंदिरात रडत होती, जेवत नव्हती, ओठ हलत होते पण आवाज नव्हता. एली याजक दाराच्या खांबाजवळ बसलेला. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि त्याला वाटलं बाई प्यायली आहे. विचार कर, मंदिरात आलेल्या दुःखी बाईला तिथला याजकच असं म्हणतो! हन्ना उठून निघून गेली असती तरी तिला कुणी दोष दिला नसता. ती थांबली. मी प्यायलेली नाही, मी मनाने खिन्न बाई आहे, परमेश्वरापुढे मन ओतते आहे, असं तिने सांगितलं. तिने आधी पुसून-हसून चेहरा नीट केला नाही. आणि एलीनेही मग आपला शब्द फिरवून तिला आशीर्वाद दिला. ती जेवली, तिचा चेहरा खुलला, तेव्हा तिने मागितलेला मुलगा, शमुवेल, अजून पोटातही नव्हता.

चर्चमध्येही एली भेटतात. मला भेटले. एकदा याच दिवसांत मी प्रार्थनेच्या वेळी हुंदके आवरू शकले नाही, तर एका माणसाने डोक्यावर हात ठेवून मोठ्या आवाजात माझ्यातला दुष्ट आत्मा घालवायला सुरुवात केली. सगळं मंडळ वळून बघत होतं. त्यानंतर दोन महिने मी गेले नाही. आज सांगते, ते दोन महिने मला त्या माणसाच्या शब्दांपेक्षा जड गेले. घरी बसून मन शांत होईल असं वाटलं होतं, पण घरी माझ्याशी बोलणारा आवाज एकच होता, माझाच, आणि त्या दिवसांत तो आवाज धड काही बोलतच नाही. परत गेले ते एका म्हाताऱ्या बाईमुळे. त्या घरी आल्या, सोबत पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, दोन गरम उंडे पाव आणले होते, चहात बुडवून खाल्ले आणि म्हणाल्या, "ये, माझ्याशेजारी दाराजवळ बस. गाऊ नको. बस नुसती." त्या बाकावर मी पुढची कित्येक वर्षं महिन्यातला एक रविवार बसले. पावसाळ्यात दारातून पाणी आत यायचं आणि पायाशी ओली चप्पल सरकवत मी तो तास काढायची. काही रविवारी एकच वाक्य कानात शिरलं. काही रविवारी तेही नाही.

तू हसत येणं ही प्रवेशाची अट आहे असं धरून चाललीस. तसं कुठेही लिहिलेलं नाही. स्तोत्र 88 वाच. सुरुवातीपासून शेवटपर्यंत काळोख, आणि शेवटचा शब्दही काळोखाचाच. शेवटी एखादी तरी आशेची ओळ येईल म्हणून वाट बघावी, तर येत नाही. तरीही ते मंदिरातल्या गाणाऱ्यांचं गीत म्हणून पुस्तकात ठेवलं गेलं. देवाच्या लोकांनी गायच्या गीतांत त्याला जागा आहे, तर तुला बाकावर का नसावी?

स्वतःचे शब्द सुचत नाहीत तेव्हा दुसऱ्यांनी रचलेले शब्द नुसते ऐक. तू येतेस त्या रस्त्यापासून रायतूर लांब नाही. तिथे 1616 साली फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, आपल्या मराठी ओव्यांत. माणूस इंग्लंडातून आलेला, आणि ख्रिस्ताची कथा सांगायला त्याने ओवी निवडली, कानांनी ऐकायची, सगळ्यांत बसून ऐकायची. तसं बसायला भरल्या मनाची गरज लागत नाही.

आता थोडं रोखठोक. त्या दिवसांत तू गीतं घेऊ नकोस. महिन्याचं वेळापत्रक ठरतं तेव्हाच पाळकबाईंना सांग की अमुक रविवार मला नको, दुसरा द्या. कारण सांगायला लाजू नकोस, त्याही बाई आहेत. उपाशी पोटी येऊ नकोस आणि शनिवारी रात्री जागू नकोस. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकरी आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, बोलणं सगळं नंतर. एखाद्या रविवारी अंथरुणातून उठवलंच नाही, तर नाही आलीस म्हणून प्रभू हजेरी मांडत नाही. फक्त मला दोन शब्द पाठव, म्हणजे ती गैरहजेरी एकटीची राहणार नाही. आणि "मी आता कधीच येणार नाही" असले निर्णय त्या आठवड्यात घेऊ नकोस. नोकरी सोडायचा, लग्न मोडायचा, चर्च सोडायचा, कुठलाच. चिठ्ठीवर लिहून ठेव, पाळीच्या पाचव्या दिवशी उघडून वाच.

संडे स्कूलमधल्या त्या लहान पोरावर तू ओरडलीस, तेही मला कळलं आहे. शरीर हे कारण आहे, पण त्याला लागलेला शब्द लागलाच. त्याच्या उंचीला बसून माफी माग. एकदाच माग, मनापासून, आणि मग स्वतःला झोडपणं बंद कर.

डॉक्टरांकडे जायचंच आहे. प्रार्थना की गोळी, असा वाद माझ्यापुढे आणू नकोस. पौलाचा तरुण सोबती तीमथ्य, त्याचं पोट सारखं बिघडायचं, तेव्हा पौलाने त्याला नुसती प्रार्थना कर असं लिहिलं नाही, थोडा द्राक्षारस घे असं लिहिलं. या त्रासावर चांगले उपचार आहेत. नैराश्यावर देतात त्यातली काही औषधं इथे उपयोगी पडतात, कधी रोज, कधी फक्त पाळीआधीच्या पंधरवड्यात. काहींना विशिष्ट गर्भनिरोधक गोळ्या देतात, काहींना समुपदेशनाने फरक पडतो. कुठलं तुझ्यासाठी ते डॉक्टरच ठरवतील, मैत्रिणीची गोळी घेऊ नकोस. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, स्त्रीरोगाचा विभाग आहे, आणि बांबोळीलाच मानसोपचाराची सरकारी संस्था आहे. तिथे जायला लाज वाटली तर मी बरोबर येते. नोंदवही विसरू नकोस.

आणि एक गोष्ट तू लिहिली नाहीस, पण मी विचारणार. त्या दिवसांत कधी वाटतं का, की सकाळी उठूच नये, संपवून टाकावं सगळं? मला वाटायचं, आणि मी ते वर्षानुवर्षं कुणाला बोलले नाही. वाटलं तर रविवारची वाट बघू नकोस, कॅलेंडरही बघू नकोस. 14416 हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, रात्री-अपरात्रीही उचलतात. आणि मला फोन कर. दोन वाजता कर, तीन वाजता कर. तुझे काका घोरत असतात, मी जागीच असते.

तुझ्या मेसेजवरून मी मोजलं. पुढच्या महिन्याचा तिसरा रविवार तुझ्या त्या दिवसांत येईल. उपासना साडेनऊला आहे, तू नऊ-चाळीसला आलीस तरी चालेल, म्हणजे सुरुवातीचं हस्तांदोलन चुकेल. वेर्ण्याहून निघताना बोरीच्या पुलावर स्कूटर हळू चालव, पावसात वारा फार असतो. मी दाराजवळच्या बाकावर असेन, भिंतीकडची जागा तुझी. कुणी बोलायला आलं तर मी बोलेन. मध्येच उठावंसं वाटलं तर ऊठ, मी तुझ्या मागे येणार नाही, छत्री मात्र दाराशी ठेवलेली असेल.

उंडे मी आणते.

तुझी,
मावशी