विक्रेत्याने चुकून किंमत कमी लावली असेल, तर त्या भावात वस्तू घेणं योग्य आहे का?

चूक तुमच्या लक्षात आली होती का, यावर सगळं ठरतं. सेल समजून घेतली असेल तर मनाला लावून घेऊ नका. पण एक शून्य गळलंय हे दिसत असताना घाईने दहा नग मागवणं मला सरळ गैर वाटतं. इंग्लंडमध्ये सशाच्या कातड्यांच्या एका सौद्यात नगाऐवजी चुकून वजनी पौंडाचा भाव कळवला गेला. पौंडात साधारण तीन कातडी, म्हणजे माल तिसऱ्या हिश्श्याच्या भावात! खरेदीदाराला चूक कळली असणारच, म्हणून १९३९ साली न्यायालयाने करार मानला नाही.

आधी विक्रेत्याला विचारा. तो ‘त्याच भावात न्या’ म्हणाला, तर खुशाल न्या. दुकान मोठं असलं तरी विचाराच. कधीकधी भरपाई काउंटरवरच्या माणसाच्या पगारातून होते.