लाम्पुंगच्या आतल्या गावात येणार असशील, तर आधी मुलीचं बघ

तुझा प्रश्न परवा रात्री वाचला आणि झोप उडाली. नवऱ्याला इंडोनेशियात, लाम्पुंगमधल्या एका साखर कारखान्यात नोकरी लागलीय, मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. गाव कसं आहे, शाळेचं काय, करमेल का, असं तू विचारलंयस. व्हिसाची फी, पगार, लसी हे कंपनीवाले सांगतील, त्यात मी शिरत नाही. मी 2012 मध्ये सांगली जिल्ह्यातून आले. नवरा कारखान्यात केमिस्ट, मुलगी तेव्हा सात वर्षांची. मी अजून इथेच आहे. तू माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची वाटतेस म्हणून अगं-तुगं करते.

लाम्पुंग सुमात्राच्या दक्षिण टोकाला, पण तुझे शेजारी बहुतेक पलीकडच्या जावा बेटावरचे असतील. जावातली दाटी कमी करायला डचांनी 1905 मध्ये पहिली कुटुंबं इथे आणून बसवली, स्वातंत्र्यानंतरच्या सरकारांनीही तेच चालू ठेवलं. म्हणून गावं आपल्याकडच्या धरणग्रस्तांच्या वसाहतींसारखी दिसतात, रस्ते सरळ आणि परसं सारख्या मापाची. परसात सिंगकोंग असतो, म्हणजे ज्याचा साबुदाणा होतो तो कंद. भोवती ऊसच ऊस, पण हंगाम उलटा. आपल्याकडे दिवाळीच्या सुमाराला गाळप सुरू होतं, इथे ते तेव्हा संपत आलेलं असतं. पहिली दोन वर्षं मे-जूनमध्ये वाळत घातलेल्या कपड्यांवर जाळलेल्या उसाची काळी राख पडायला लागली, की मला वाटायचं आता दिवाळी आली.

कागदांचं मात्र सांगणार, कारण तो राग अजून गेलेला नाही. इथे कितीतरी माणसांना एकच नाव असतं, आडनाव नसतंच. आपलं नाव तीन तुकड्यांचं, त्यात बाईचं लग्नानंतर बदललेलं. माझ्या विवाह नोंदणीच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. लेकीचा जन्मदाखला ग्रामपंचायतीचा, फक्त मराठीत. तो आधी इंग्रजीत करून घेतला, मग इथल्या शपथबद्ध भाषांतरकाराने इंग्रजीवरून इंडोनेशियनमध्ये केला, आणि या प्रवासात तिच्या बापाच्या नावातला एक 'एच' गळला. एका अक्षरासाठी चार महिने गेले. खिडकीतला माणूस विचारायचा, ही मुलगी याच गृहस्थांची कशावरून? ती माझा हात धरून उभी होती आणि तोपर्यंत तिला तेवढी भाषा कळायला लागली होती. 2022 च्या जूनपासून इंडोनेशियात अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशातही मानला जाणारा एकच सरकारी शिक्का, चालतं, त्यामुळे तुझी दूतावासाच्या शिक्क्यांची फेरी वाचेल. पण स्पेलिंग तुलाच जुळवावं लागेल. तिघांचे पासपोर्ट, विवाहाचा दाखला, जन्मदाखला एका ओळीत मांड आणि अक्षर न् अक्षर ताडून बघ. निघायच्या आधी, तिथेच.

दुसरी गोष्ट अशी, की नवऱ्याच्या आधाराने मिळणाऱ्या परवान्यावर तुला काम करता येत नाही. हे माहीत असणं वेगळं आणि रोज सकाळी नवरा कामावर गेल्यावर उंबऱ्यात उभं राहणं वेगळं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढून कायम झालेली नोकरी होती. आधी बिनपगारी रजा घेतली, मग राजीनामा पाठवला. इथे गल्लीतली चार पोरं संध्याकाळी इंग्रजी शिकायला ओसरीवर यायला लागली. पैसे घेत नव्हते. तरी कुणीतरी कंपनीत कळवलं आणि नवऱ्याला निरोप आला, बाईंना म्हणावं हे बंद करा.

त्यानंतर मी खडू हातात धरला नाही, स्वतःच्या लेकीसाठीसुद्धा नाही. तिची पाटी पुढ्यात घेतली की माझी शाळा आठवायची, घशात काहीतरी अडकायचं, आणि मी म्हणायचे, उद्या बसू. असे चार वर्षांचे उद्या झाले. शिक्षिकेच्या मुलीला देवनागरी वाचता येईना. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ती मात्र इथे रमली. पहिली पूर्ण करून आली होती तरी भाषेसाठी पुन्हा पहिलीत बसवली, त्याचं तिला काही वाटलं नाही. वर्गात बहासा, म्हणजे इंडोनेशियन, अंगणात शेजाऱ्यांची जावानीज. इथे प्रत्येक मुलाला आपापल्या धर्माचा तास असतो, तिच्यासाठी शेजारच्या बालीच्या हिंदू लोकांच्या वस्तीतून एक बाई यायच्या. 1963 मध्ये आगुंग ज्वालामुखी फुटला, त्यानंतर बालीची बरीच कुटुंबं लाम्पुंगात आली. त्यांच्या त्रिसंध्येत, म्हणजे दिवसातून तीनदा म्हणायच्या प्रार्थनेत, पहिला गायत्री मंत्रच आहे. एक दिवस लेक घरी आली आणि हात जोडून तो त्यांच्या उच्चारांत म्हणायला लागली. मी पोळपाटावर हात ठेवून तशीच उभी राहिले.

जावानीजमध्ये मोठ्यांशी बोलायची भाषा निराळी, आपल्या अहो-जाहोपेक्षा कडक, तिथे शब्दच बदलतात. ती शेजारच्या आजींना, म्हणजे म्बाहना, 'इंग्गिह' म्हणून ओ द्यायची. 2016 मध्ये, अकरा वर्षांची असताना, आम्ही ठरवलं की हिला सांगलीला आजीकडे ठेवायची, पुढच्या शिक्षणासाठी. तिला विचारलं नाही, सांगितलं. गावातल्या मराठी शाळेत तिचं इंडोनेशियन प्रगतिपुस्तक उलटंपालटं करून बघितलं, एक उतारा वाचायला दिला, आणि चौथी पास होऊन आलेल्या पोरीला पुन्हा चौथीत बसवलं. दोन-दोन वर्षांनी लहान मुलांमध्ये. वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे, मला ते कलम तोंडपाठ होतं. पण ती का वाचू शकत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून त्या टेबलापुढे मी तोंड उघडलं नाही. नंतर सासूबाई फोनवर हसत सांगायच्या, हाक मारली की पोर काहीतरी 'इंगी' म्हणते. पुढे तेही म्हणेनाशी झाली.

एकटेपणाचं विचारलंस. तो जातो. कुणाच्या घरी कार्य निघालं की बायका आपापली सुरी घेऊन आदल्या दिवशी चिरायला-वाटायला जातात, त्याला रेवांग म्हणतात. बोलावण्याची वाट न बघता जा. आरिसान म्हणजे सरळ आपली भिशी, तिच्यात नाव घाल. सहा महिन्यांत तुला अर्धा गाव ओळखेल.

लेक आता वीस वर्षांची आहे. गेल्या सुट्टीत आली होती. माझ्याशी जेवलीस का, झोपलीस का एवढंच बोलली, आणि पलीकडे म्बाहच्या ओट्यावर दोन तास जावानीजमध्ये गप्पा मारत बसली. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. मला सगळं कळतही नव्हतं.

तुझी मुलगी आठ वर्षांची आहे. यायचंय का, परत जायचं झालं तर कधी, हे आज तिच्याशी बोल. तिकिटं काढल्यावर नको. आणि आलीस तर रोज संध्याकाळी तिला माझ्याकडे पाठव, तुला जमलं नाही त्या दिवशी तर नक्कीच. कारखान्याच्या वसाहतीत मी शेवटच्या रांगेत राहते. येताना पहिली ते चौथीची बालभारतीची पुस्तकं आण. कणीक आम्ही जाकार्ताहून मागवतो, मूग इथल्या बाजारात मिळतात, त्यांचं ओझं आणू नकोस.