त्सो कारच्या आधी लोणार

भाऊ, जळगावात शिकताना लडाखच्या त्सो कार या खाऱ्या सरोवराचा ध्यास घेतलास, छानच! पण साडेचार हजार मीटर चढण्याआधी लोणार नीट बघ. उंची नाही, पण अल्कधर्मी पाणी तिथेही आहे.

तिथल्या जिवाणूंची नुसती यादी करू नकोस, ते खनिजं कशी साचवतात तेही बघ. सायनोबॅक्टेरिया (सूर्यप्रकाशावर अन्न बनवणारे जिवाणू) प्रकाशसंश्लेषणात पाण्यातला कार्बन ओढतात, पीएच (पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा) चढतो आणि कॅल्शियम कार्बोनेट त्यांच्या चिकट थरावरच बसतं. असे थर चढत स्ट्रोमॅटोलाइट, म्हणजे थराथरांचा दगड, बनतो; अर्जेंटिनातल्या सोकोम्पा सरोवरात, साडेतीन हजार मीटरवर, ते आजही वाढताहेत. केवढी गोष्ट आहे ही!

मात्र प्रत्येक खनिज जिवाणूंच्या नावावर टाकू नकोस. जिप्सम आणि मीठ नुसत्या बाष्पीभवनानेही साचतं. म्हणून परवानगी काढ, पीएच-तापमान काठावरच मोज, आणि थराच्या तुकड्याची वरची बाजू खूण करून ठेव.