मत तेच, तरी निकाल वेगळा

तुमचे प्रश्न दोन: जास्त मतं मिळालेला पक्ष हरतो कसा, आणि माध्यमं लोकांची मतं खरंच फिरवतात का? अभ्यासक्रमात हे वेगवेगळे धडे असतात, पण तुम्ही एकत्र विचारलेत ते बरं झालं. दोन्हीकडे माणसाचं मत जागच्या जागी राहून निकाल फिरू शकतो.

आधी कागद घ्या. तीन मतदारसंघ, प्रत्येकी १०० मतं. ‘अ’ पक्षाला ४०, ४०, १०, ‘ब’ला ३५, ३५, ८०, उरलेली ‘क’ला. बेरीज करा. ‘ब’ची मतं १५०, म्हणजे एकूण मतांच्या निम्मी, आणि जागा एक. ‘अ’ची मतं ९० आणि जागा दोन! घोटाळा कुठेच नाही. ‘ब’ची मतं तिसऱ्या मतदारसंघात नुसती साठून राहिली.

न्यूझीलंडमध्ये हे प्रत्यक्ष घडलं. १९७८ आणि १९८१ अशा लागोपाठ दोन निवडणुकांत लेबर पक्षाची मतं जास्त होती, सत्तेवर मात्र नॅशनल पक्षच राहिला. ही सल पुढे पद्धत बदलण्याच्या मागणीमागे होतीच. १९९३ च्या सार्वमतात बदलाचा कौल मिळाला आणि १९९६ पासून तिथे मिश्र प्रमाणशीर पद्धत आली. मतदार एक मत उमेदवाराला देतो, एक पक्षाला. एकूण जागा पक्षाच्या मतांच्या प्रमाणात.

इथेच फ्रेंच अभ्यासक मॉरिस द्युव्हर्जे यांचा नियम येतो. सर्वाधिक मतं मिळवणारा विजयी ठरत असेल, तर लहान पक्षांच्या पदरी जागा कमी पडतात; मग ‘मत वाया जाईल’ म्हणून मतदारही त्यांना सोडतो. पण तो घोकू नका. भारतात आणि कॅनडात हीच पद्धत आहे, तरी पक्ष अनेक आहेत, कारण प्रादेशिक पक्षांची मतं आपापल्या भागात एकवटलेली असतात.

आता माध्यमं. बातम्या ऐकून लोक सरसकट पक्ष बदलतात, ही समजूत १९४० च्या अमेरिकी निवडणुकीच्या अभ्यासातच डळमळली. पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी ओहायोतल्या एका काउंटीतल्या मतदारांना महिनोन्‌महिने पुन्हापुन्हा भेटून विचारलं. प्रचारामुळे बहुतेकांचा आधीचाच कल पक्का झाला होता. बाजू बदलणारे थोडे.

म्हणजे माध्यमांचा परिणामच नाही? असा निष्कर्ष काढण्याची घाई विद्यार्थी हमखास करतात, आणि मला ते मनापासून खटकतं. १९६८ मध्ये मॅक्सवेल मॅककॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी अमेरिकेतल्या चॅपल हिल या गावात कुणाला मत द्यायचं ते न ठरलेल्या १०० मतदारांना महत्त्वाचे प्रश्न कोणते ते विचारलं. त्यांची यादी बातम्यांत ज्या विषयांना जास्त जागा होती, त्यांच्याशी फार जुळली. कोणते प्रश्न महत्त्वाचे हे माध्यमांनी असं सुचवण्याला विषयपत्रिका ठरवणं म्हणतात.

पण थांबा, बातम्याच लोकांच्या मागे जात असतील तर? ही शंका रास्त आहे. म्हणून पुढे शांतो अय्यंगार आणि डोनाल्ड किंडर यांनी प्रयोग केले. प्रेक्षकांच्या काही गटांना टीव्हीच्या बातमीपत्रांत मुद्दाम एखाद्या प्रश्नाच्या जास्त बातम्या घालून दाखवल्या. त्या गटांना तो प्रश्न अधिक गंभीर वाटू लागला, आणि राष्ट्राध्यक्षांचं काम जोखतानाही ते त्याच प्रश्नाला जास्त वजन देऊ लागले.