वायफाय गेलं की टर्मिनलमधले कोड लिहिणारे एआय एजंट कधी मरतात, कधी मागे उरतात. ते सांभाळायचे कसे?

तुम्ही फोंड्याहून एसएसएचने (दूरच्या संगणकावर टर्मिनल उघडायची सोय) भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर तीन-चार एजंट चालवता, पावसात वीज गेली की जोडणी तुटते आणि नंतर काही एजंट मेलेले तर काही चालूच सापडतात, असं लिहिलंय. मी डिचोलीत बसून हेच काम करतो, त्यामुळे पावसाळ्यातलं हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे.

यात एजंटचा लहरीपणा काही नाही. तुमचा राउटर बंद पडलाय हे सर्व्हरला कोण सांगणार? एजंट स्क्रीनवर सतत काही छापत असेल, तर पोच येत नाही म्हणून लिनक्स साधारण १५ मिनिटं पुन्हापुन्हा पाठवून बघतं आणि मग जोडणी सोडून देतं. एजंट गप्प असेल आणि एसएसएचच्या सेटिंगला कुणी हात लावलेला नसेल, तर कर्नल (लिनक्सचा गाभा) ७२०० सेकंद, म्हणजे दोन तास, चौकशीच करत नाही. जोडणी गेल्याचं कळलं की टर्मिनलवरच्या प्रोसेसना सिगहप, म्हणजे ‘टर्मिनल गेलं’ असा संकेत, जातो आणि एजंट मरतो. त्याने टर्मिनलपासून तोडून स्वतंत्र सेशनमध्ये सोडलेला डेव्ह सर्व्हर (काम चालू असलेली साइट दाखवणारा) किंवा हेडलेस क्रोम (खिडकीविना चालणारा ब्राउझर) मात्र जिवंत राहतो.

टीमक्स वापरा, म्हणजे जोडणी तुटली तरी टर्मिनल सर्व्हरवर चालू राहतं, असं सगळेच सांगतील. वापराच. कंट्रोल-बी, मग डी दाबून बाहेर पडा, आणि खुशाल चवथीला गावी जा. पण एजंटने मागे किती पिलावळ सोडलीय, याच्याशी टीमक्सला काही देणंघेणं नसतं. वैतागून एजंटला ‘किल -९’ मारलात, तर त्यातून जाणारा सिगकिल, म्हणजे तात्काळ मारण्याचा संकेत, पकडता येत नसल्यामुळे त्याला आवराआवर करायला वेळच मिळत नाही. मग ‘पीएस’मध्ये (चालू प्रोसेसच्या यादीत) एक नोड (जावास्क्रिप्ट चालवणारी प्रोसेस) दिसतो, पालक प्रोसेसचा क्रमांक १ म्हणजे अनाथ, आणि पोर्ट ३००० अडवून बसलेला. पुढचा एजंट येतो, पोर्ट भरलेला बघून गुपचूप ३००१ वर सर्व्हर उघडतो. तुम्ही ब्राउझरमध्ये ३००० वर जुनाच कोड बघत बसता आणि बदल का दिसत नाही म्हणून डोकं खाजवता.

म्हणून लांबणारी कामं मी सिस्टमडीकडे, लिनक्सच्या सेवा-व्यवस्थापकाकडे, देतो. ‘सिस्टमडी-रन --युजर --युनिट=बिल-एजंट’ आणि पुढे एजंटची कमांड. एजंट क्लॉड कोड असेल तर ‘-पी’ (मध्ये विचारपूस न करता एकदाच चालवायचा पर्याय) लावून, कारण इथे प्रश्नांना उत्तरं द्यायला टर्मिनल नसतं. परवानग्याही आधीच ठरवून द्या. एजंट आणि त्याने जन्माला घातलेलं सगळं एकाच सीग्रुपमध्ये (कर्नलने एकत्र बांधलेल्या प्रोसेसच्या गटात) राहतं. ‘सिस्टमसीटीएल --युजर स्टॉप बिल-एजंट’ म्हटलं की सगळ्यांना सिगटर्म (आवरून थांबण्याची विनंती) जातो, आणि ९० सेकंदांत जे हलत नाहीत त्यांना सिगकिल. लॉग ‘जर्नलसीटीएल --युजर -यू बिल-एजंट -एफ’मध्ये बघायचा. सोबत ‘मेमरीमॅक्स’ (मेमरीची मर्यादा) आणि ‘रनटाइममॅक्ससेक’ (वेळेची मर्यादा) लावा. दोन तासांत न संपलेलं काम बहुतेक वेळा गोलगोल फिरत असतं.

सुरुवातीला दोन ठिकाणी अडाल. ‘लॉगिनसीटीएल इनेबल-लिंगर’ केलं नाही, तर शेवटचं लॉगिन संपल्यावर तुमची सगळी युजर युनिटं (सिस्टमडीने तुमच्या नावावर चालवलेली कामं) बंद होतात. आणि सिस्टमडी तुमची बॅशआरसी (टर्मिनल उघडताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) वाचत नाही, त्यामुळे एपीआयची किल्ली आणि नोडचा पाथ वेगळा द्यावा लागतो. चालू फोल्डर हवं असेल तर ‘--सेम-डिर’.

‘रीस्टार्ट=ऑलवेज’ (पडलं की आपोआप पुन्हा सुरू करणं) मात्र एजंटला लावू नका. वेब सर्व्हरला ते शोभतं. एजंट प्रत्येक वेळी पहिल्यापासून फायली वाचतो आणि टोकनचं, म्हणजे एआयने वाचलेल्या-लिहिलेल्या मजकुराचं, बिल तुमच्या नावावर चढतं. पडला तर पडू दे, सकाळी लॉग वाचून हाताने उठवा.

आणि दोन एजंट एकाच फोल्डरमध्ये सोडत असाल तर आधी प्रत्येकाला वेगळा ‘गिट वर्कट्री’ (त्याच प्रकल्पाचं स्वतंत्र फोल्डर) करून द्या, नाहीतर एकाने लिहिलेलं दुसरा पुसतो आणि वरची सगळी व्यवस्था असूनही तुमचा दिवस भांडणं सोडवण्यात जातो.