डायहायड्रोजन मोनॉक्साईडला मराठीत काय म्हणायचं?

तुम्ही विचारलंत की 'डायहायड्रोजन मोनॉक्साईडवर बंदी घाला' असा फॉरवर्ड आलाय, त्या केमिकलला मराठी शब्द काय. शब्द तुम्हाला माहितीये हो, पाणी! दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन, झालं एच टू ओ. नाव चूक नाहीये, नियमात बसतं, फक्त केमिस्ट्रीवाले स्वतः पाण्याला असं म्हणत नाहीत. त्यांच्या नियमांतही 'वॉटर' चालतंच, आणि अगदीच पद्धतशीर नाव हवं तर 'ऑक्सिडेन'.

जोक अमेरिकेतला आणि बराच जुना. 1983 च्या एप्रिल फूलला मिशिगनमधल्या ड्युरँड गावच्या साप्ताहिकाने छापलं की गावाच्या नळात डायहायड्रोजन ऑक्साईड सापडलंय, श्वासातून आत गेलं तर माणूस मरतो, वाफेने अंगावर फोड येतात. यात खोटं काय सांगा? 1997 मध्ये आयडाहोतल्या एका 14 वर्षांच्या पोराने शाळेतल्या 50 मुलांना अशीच माहिती दिली, 43 जण म्हणाले बंदी घाला. त्या पोराच्या आडनावावरून इंग्रजीत 'झोनरिझम' असा शब्दही आला, म्हणजे खऱ्या गोष्टी सांगून खोटं गळी उतरवणं. (आपल्याकडे याला एक शब्द नाही पण माल भरपूर आहे.) आणि 2004 ला कॅलिफोर्नियात अलिसो व्हिएहो नावाच्या शहराच्या कौन्सिलपुढे फोमच्या कपांवर बंदीचा विषय येणार होता, एक कारण काय तर ते बनवताना हे 'केमिकल' वापरतात!

आता शब्दांकडे येतो, मला खरी मजा तिथे वाटते. 'मोनॉक्साईड' म्हटलं की आपल्याला कार्बन मोनॉक्साईडच आठवतो, बंद बाथरूम, गॅस गीझर, पेपरातली बातमी. अर्धी भीती तिथूनच येते. उरलेली 'हायड्रो'ची, पण हा ग्रीक 'हायड्रो' आणि आपला 'उद' एकाच मुळाचे निघतात, उदक, समुद्र यातला उद. हायड्रोजन म्हणजे पाणी जन्माला घालणारा, म्हणून जुन्या मराठी पुस्तकांत त्याला उज्ज (उद् + ज) वायू म्हणायचे. म्हणजे तुमचा फॉरवर्ड शुद्ध मराठीत केला तर 'उद' डोकावणार आणि जोक तिथेच फुटणार.

त्यात 'पाणी' हा शब्द आलाय संस्कृत 'पानीय'वरून, म्हणजे पिण्याजोगं. नावातच सांगून टाकलंय की पी बाबा, काही होत नाही. फॉरवर्डवाल्याने नेमकं तेवढंच काढून टाकलं.

पण संस्कृतवाले सगळ्यांच्या पुढे गेलेत. अमरकोशात पाण्याच्या नावांत अमृत आहे, जीवन आहे, ते ठीकच, पण त्याच कोशात पुढे अनेकार्थी शब्दांत 'विषमप्सु च' असं येतं, म्हणजे विष या शब्दाचा अर्थ पाणी असाही होतो! कवींनी त्यावर श्लेष केलेत, ढगरूपी सापाचं विष विरहिणींना मारतं वगैरे. तेव्हा कोणाला घाबरवायचंच असेल तर ग्रीक उसनं कशाला आणता, सरळ आईला सांगा माठात विष भरून ठेवलंय, कोशाचा आधार आहे म्हणावं. पुढचं तुमचं तुम्ही बघा.